जिनिंगच्या काट्यावरचा कॉम्प्युटर: एका यंत्राची दोन दुखणी

जळगाव जिल्ह्यातल्या धरणगाव-एरंडोल पट्ट्यातली एक जिनिंग-प्रेसिंग, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारा कारखाना. एप्रिलचा दुसरा आठवडा. भाव वाढेल या आशेने घरात ठेवलेला कापूस शेतकरी आता बाहेर काढत होते, त्यामुळे भुईकाट्यावर सकाळपासून ट्रॅक्टर आणि पिकअपची रांग. काट्याच्या पत्र्याच्या केबिनमध्ये एक असेंबल केलेला डेस्कटॉप होता आणि तो दुपारी चालता चालता बंद पडत होता. आधी आठवड्यातून एकदा, मग रोज, शेवटी दिवसातून तीन-चारदा. काट्यावरच्या माणसाची तक्रार एका ओळीची होती: "भाऊ, दुपारले हाऊ आपोआप बंद पडी जास."

ही तक्रार किरकोळ समजू नये. काट्यावर प्रत्येक गाडीचं वजन दोनदा होतं, एकदा भरलेलं आणि एकदा रिकामं. दोन वजनांच्या मध्ये कॉम्प्युटर बंद पडला आणि पहिली नोंद साठवलेली नसली, तर गाडी खाली झालेली असते, कापूस ढिगात मिसळलेला असतो आणि काटापावतीवर लिहायला वजनच उरत नाही. मग शेतकऱ्याचा शब्द आणि शेठचा अंदाज यांच्यात ओढाताण होते. या प्रकरणात तसं दोनदा झालं होतं.

आधी काय काय झालं होतं

तंत्रज्ञ पोहोचेपर्यंत या कॉम्प्युटरवर चार उपाय होऊन गेले होते. विंडोज दोनदा नव्याने टाकली होती. रॅम काढून खोडरबराने घासून परत बसवली होती. अँटिव्हायरस बदलला होता. यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची नवी बॅटरी घातली होती. प्रत्येक उपायानंतर एक-दोन दिवस बरे गेले आणि दुखणं परत आलं.

दोन दिवस बरे का जायचे, ते नंतर कळलं. दुरुस्तीला नेताना कॅबिनेट दुकानात झटकलं जायचं, त्यामुळे थोडी धूळ उडायची आणि तापमान काही अंशांनी उतरायचं. गुण झटकण्याचा होता, श्रेय विंडोजला मिळालं. यात आणखी एक नुकसान झालं. फॉरमॅट मारल्यावर विंडोजने ठेवलेली आधीची सगळी घटना-नोंद पुसली गेली. बंद पडण्याच्या तक्रारीत फॉरमॅट हा सगळ्यात शेवटचा उपाय असावा, कारण तो पुरावा आधी मारतो आणि दुखण्याला हातही लावत नाही.

यंत्र साधंच होतं: कोअर आय-थ्री १०१०० प्रोसेसर, एच-४१० चिपसेटचा बोर्ड, ८ जीबी रॅमची एक पट्टी, २५६ जीबीचा एसएसडी, वेगळं ग्राफिक कार्ड नाही. एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा, स्थानिक बनावटीचा, वर '४५० वॉट' छापलेलं, हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका. सोबत ६०० व्हीएचा लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस. काट्याचा इंडिकेटर (वजनाचा आकडा दाखवणारी पेटी) नऊ पिनच्या सिरियल केबलने जोडलेला आणि पावतीसाठी डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. कॅबिनेट टेबलाखालच्या लाकडी खणात होतं, खणाचं दार बंद. धुळीपासून जपायचं म्हणून केलेली ही सोय होती.

बंद पडतो म्हणजे नेमकं काय होतं?

पहिल्या दिवशी स्क्रू काढला नाही. काट्याशेजारी शंभर पानी वही बांधली आणि काट्यावरच्या माणसाला पाच गोष्टी लिहायला सांगितल्या: वेळ, पडदा कसा गेला, कॉम्प्युटर आपोआप परत चालू झाला का, यूपीएसचा काही आवाज आला का, आणि त्या वेळी आवारात कोणती मोटर चालू होत होती. भिंतीवर तापमापक टांगला. बोर्डावरचा छोटा हिरवा दिवा दिसावा म्हणून कॅबिनेटची बाजू खणाच्या दाराकडे फिरवली. मुख्य वीज येत असेल तर कॉम्प्युटर बंद असतानाही हा दिवा पेटलेला राहतो, कारण एसएमपीएसमधला ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा त्याला चालवतो. बंद पडल्यावर दिवा पेटलेला दिसला, तर वीज बोर्डापर्यंत आलेली आहे, तोडली ती बोर्डाने. दिवा विझलेला दिसला, तर दोष भिंत, यूपीएस किंवा एसएमपीएसकडे शोधायचा.

चार दिवसांत वहीत अकरा नोंदी झाल्या. त्यातल्या तीन जशाच्या तशा:

सोमवार, दुपारी १:४०. पडदा काळा. पंखा थांबला. हिरवा दिवा चालू. आपोआप चालू नाही. बटण दाबलं, चालू झाला, ३ मिनिटांत पुन्हा बंद.

मंगळवार, सकाळी ९:०५. प्रेस (गाठी दाबायचं यंत्र) चालू केली. यूपीएस 'टक्' वाजला. कॉम्प्युटर स्वतःच परत चालू झाला.

मंगळवार, दुपारी २:१०. पडदा काळा. दिवा चालू. अर्धा तास बंद ठेवला, मग ४० मिनिटं चालला.

अकरापैकी सात वेळा तो दुपारी १ ते ५ च्या दरम्यान बंद पडून बंदच राहिला. चार वेळा आपोआप परत चालू झाला, आणि त्या चारही वेळा प्रेसची मोटर नुकतीच सुरू झाली होती. यातल्या दोन सकाळच्या होत्या, केबिन थंड असतानाच्या. दोन वेगळी दुखणी एकाच यंत्रात होती. आधीचा प्रत्येक उपाय 'बंद पडतो' एवढंच ऐकून झाला होता, म्हणून एकही लागू पडला नाही.

हा फरक ओळखायला बायोसमधलं, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या स्वतःच्या प्रोग्रॅममधलं, एक सेटिंग मदतीला आलं. वीज जाऊन आल्यावर कॉम्प्युटरने काय करायचं ते त्यात ठरवता येतं, आणि इथे ते 'पॉवर ऑन'वर होतं. अशा बोर्डाला पुरवठ्याचा झटका बसला तर वीज पूर्ववत होताच तो आपण होऊन सुरू होतो. प्रोसेसर तापल्यामुळे बोर्डाने वीज तोडली असेल, तर बहुतेक बोर्ड बंदच राहतात आणि कोणी बटण दाबण्याची वाट बघतात. हे सेटिंग आधी बघून घ्यावं, नाहीतर वहीचा अर्थ उलटा लागायचा.

विंडोजची साक्ष

स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक, इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, सिस्टीम. उजवीकडच्या फिल्टरमध्ये चारच क्रमांक घातले: ४१, ६००८, १०७४ आणि १००१.

४१ म्हणजे आधीच्या वेळी यंत्र नीट बंद न होता गेलं. ही नोंद पुन्हा सुरू झाल्यावर पडते, म्हणून तिची वेळ बंद पडण्याची नसून सुरू होण्याची असते. इथे पुष्कळजण चकतात. बंद पडल्याची वेळ ६००८ च्या मजकुरात मिळते आणि तीही काही मिनिटं पुढे-मागे असू शकते, म्हणून वहीतल्या वेळेला महत्त्व आहे. ४१ च्या तपशिलात बगचेक कोड, म्हणजे विंडोज कोसळण्याच्या कारणाचा क्रमांक, असतो. तो शून्याशिवाय काही असेल तर विंडोज निळ्या पडद्यावर कोसळली आहे, आणि शोध रॅम, ड्रायव्हर, डिस्क यांच्याकडे न्यायचा. इथे अकराच्या अकरा वेळा कोड शून्य होता आणि १००१ ची एकही नोंद नव्हती. शून्याचा अर्थ इतकाच, की विंडोजला काही लिहायला वेळच मिळाला नाही. यंत्र पूर्ण गोठलं आणि कोणी बटण दाबून धरलं तरीही शून्यच येतो, पण वहीत पडदा गोठल्याची एकही नोंद नव्हती.

१०७४ ची एक नोंद रात्री ११ ची निघाली. ते विंडोज अपडेटने केलेलं रीस्टार्ट होतं. शेठच्या मते तीही 'तीच बिमारी' होती. अपडेटने ज्या वेळात रीस्टार्ट करू नये ते ॲक्टिव्ह अवर्स लावून दिले आणि ती नोंद बाजूला काढली.

शक्यता संपवण्यासाठी पुढचं पॉवर बटणही तपासलं. बटण धुळीने आत अडकून राहिलं तर चार-एक सेकंदांत यंत्र बंद होतं आणि लक्षण हुबेहूब असंच दिसतं. बोर्डावरून 'पॉवर एसडब्ल्यू'ची दोन पिनची टोपी काढून ठेवली. यंत्र चालू करायचं तेव्हा त्या दोन पिनांना पेचकसाचं टोक क्षणभर टेकवायचं. एक दुपार तसं चालवलं, तरी बंद पडला. बटण निर्दोष.

दुपारचं दुखणं

एचडब्ल्यूइन्फो हे तापमान, वेग आणि पंख्याच्या फेऱ्या दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून त्याची नोंद दर दोन सेकंदांनी फाइलमध्ये जाईल असं लावलं. यंत्र अचानक गेलं तरी शेवटच्या ओळी डिस्कवर राहतात. पडद्यावरचा आकडा बघत बसण्यापेक्षा ही फाइल कितीतरी खरं सांगते.

दुपारी साडेबाराला केबिनमध्ये ४१ अंश होते. काही काम नसताना प्रोसेसर ६८ वर. चार कॅमेऱ्यांचं थेट चित्र याच कॉम्प्युटरवर दिवसभर उघडं असायचं. ते उघडताच प्रोसेसरवर ६० ते ७० टक्के भार आला आणि तापमान दहा मिनिटांत ९६ वर गेलं. दीड वाजता अँटिव्हायरसची ठरलेली तपासणी सुरू झाली, जेवणाच्या वेळेत कोणाला अडचण नको म्हणून लावलेली. तापमान १०० वर जाऊन चिकटलं. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंशच आहे. तिथे तो स्वतःचा वेग कमी करतो, आणि फाइलमध्ये वेग ४.१ गिगाहर्ट्झवरून १.२ पर्यंत घसरलेला दिसतो. तरीही उष्णता निघून जात नसेल, तर शेवटचा बचाव म्हणून प्रोसेसर वीज तोडण्याचा इशारा देतो. १:३८ नंतर फाइलमध्ये ओळ नव्हती.

त्याच फाइलमध्ये प्रोसेसरचा पंखा मिनिटाला २६०० फेऱ्या दाखवत होता. पंखा फिरतोय हे बघून दुकानदाराने तापण्याची शक्यता सोडून दिली होती. पंखा फिरणं आणि हवा जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कॅबिनेट उघडल्यावर वरून सगळं ठीक दिसलं. पंख्याच्या पात्यांवर भुरकट थर, एवढंच. पंखा आणि खालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांच्या मध्ये टॉर्च धरली तेव्हा कारण दिसलं. जिनिंगच्या हवेत दिवसभर रुईचे बारीक तंतू तरंगतात. पंखा ते आत ओढतो, ते पात्यांच्या तोंडाशी अडकतात, त्यावर सरकीची धूळ बसते, पुन्हा तंतू, पुन्हा धूळ. हंगामभरात त्याची तीन-चार मिलिमीटर जाडीची गोधडी झाली होती. चिमट्याने एक कोपरा धरून उचलली तर ती अखंड निघाली, पंख्याच्या आकाराची, मधोमध मोटरच्या जागी मोकळा गोल. वाऱ्याला वाटच नव्हती.

असं कशामुळे होतं ते समजून घेतलं पाहिजे, कारण साध्या मातीच्या धुळीत असं होत नाही. माती बरीचशी वाऱ्याबरोबर बाहेरही पडते. तंतू एकमेकांत गुंततात आणि जाळी करतात, आणि ती जाळी मग बारीक धूळही सोडत नाही. म्हणून घरातला कॉम्प्युटर सहा महिन्यांनी साफ केला तरी चालतो, जिनिंगमधला चालत नाही. पिंजारी, गादी कारखाना, पॉवरलूम यांनाही हेच लागू.

साफ करण्याची रीत

कॅबिनेट केबिनबाहेर, वाऱ्याकडे पाठ करून. वायर काढून पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरलं, म्हणजे उरलेला प्रभार निघून जातो. रुई असेल तिथे आधी चिमटा, मग रंगाचा एक इंची कोरा ब्रश, आणि सगळ्यात शेवटी हातातला ब्लोअर. सुरुवातीलाच ब्लोअर मारला तर गोधडी पात्यांच्या आत घट्ट ठोकली जाते. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवायचा. वाऱ्याने तो भन्नाट फिरला तर बेअरिंग जातं.

जिनिंगमध्ये कॉम्प्रेसर असतो आणि त्याची नळी कॉम्प्युटरवर धरायचा मोह प्रत्येकाला होतो. धरू नये. त्याच्या हवेत पाणी आणि तेलाचे कण असतात, आणि दाब एवढा की बोर्डावरचे बारीक भाग उखडू शकतात.

कूलर, म्हणजे प्रोसेसरवरचा पंखा आणि पात्यांचा जोड, काढायचाच होता. काढण्याआधी यंत्र पाच मिनिटं चालवून घेतलं, म्हणजे खालची, प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी पेस्ट मऊ होते आणि कूलर ओढावा लागत नाही. पंख्याची चार पिनची वायर सोडवली, कोपऱ्यांवरच्या चार पुश-पिन बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवून वर ओढल्या. तीन टणकन सुटल्या. चौथी आधीच सुटलेली होती. तिचं टोक बोर्डाच्या भोकातून अर्धवटच गेलं होतं, म्हणजे कूलर एका कोपऱ्यावर उचललेला. पेस्टच्या ठशातही तेच उमटलं होतं. तीन बाजूंना पातळ थर, चौथ्या बाजूला जाड, वाळून खडूसारखा झालेला. गोधडी आणि ही पिन यांपैकी एकच दोष असता, तर यंत्र कदाचित हळू चालून निभावून गेलं असतं.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. कापड चष्मा पुसायचं घेतलं. कापूस किंवा जुनी बनियन तंतू सोडते, आणि इथे तंतूंनीच घात केला होता. नवी पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी, मधोमध, बोटाने न पसरता. कूलर ठेवून समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या पिना जोडीने दाबल्या, प्रत्येकीचा 'टक्' ऐकला, आणि बोर्ड उलटा करून चारही पिनांची टोकं पूर्ण बाहेर आली आहेत हे डोळ्यांनी पाहिलं. ही शेवटची पायरी दहातले नऊजण गाळतात आणि दुखणं तिथेच राहून जातं.

कॅबिनेट खणातून काढून टेबलाच्या बाजूला दीड फूट उंच स्टुलावर ठेवलं, मागे भिंतीपासून वीतभर जागा. हवा आत घेणाऱ्या बाजूला मच्छरदाणीची बारीक जाळी ताणून चिकटवली. तंतू आता बाहेरच, डोळ्यांसमोर अडकतात, आणि रोज संध्याकाळी तळहाताने पुसता येतात. कॅमेऱ्यांचं चित्र कमी रिझोल्यूशनच्या सब-स्ट्रीमवर आणलं, त्याने भार निम्म्याहून खाली आला. अँटिव्हायरसची तपासणी रात्री ९ वर.

दुसऱ्या दिवशी केबिन ४२ अंशांवर असताना रिकामा प्रोसेसर ५३, कॅमेरे चालू असताना ६६, आणि मुद्दाम पंधरा मिनिटं पूर्ण भार दिल्यावर ८४. खान्देशात हे आकडे वाचायची रीत वेगळी ठेवावी लागते. इंटरनेटवर 'रिकामा असताना ३५ ते ४० असावा' असं लिहिलेलं सापडतं, पण जळगाव-भुसावळकडे एप्रिल-मेमध्ये खोलीच ४२ ते ४५ असते, आणि पंख्याचा कूलर यंत्राला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. म्हणून प्रोसेसरच्या तापमानातून खोलीचं तापमान वजा करायचं. आधी रिकाम्या अवस्थेत ही वाढ २७ अंश होती, नंतर ११. हा फरक थंडीतही आणि उन्हाळ्यातही साधारण तेवढाच राहतो, म्हणून दुरुस्ती झाली की नाही हे तोच सांगतो.

प्रेस चालू झाली की

दुपारच्या सात नोंदी मिटल्या. सकाळची 'टक्'वाली तक्रार तशीच राहिली, आणि राहणारच होती.

यूपीएस भिंतीवरच्या ज्या सॉकेटला जोडला होता, तिथे मिन-मॅक्स (सगळ्यात कमी आणि जास्त व्होल्टेज) नोंदवणारा मल्टीमीटर लावला. एरवी २१४ व्होल्ट, प्रेसची मोटर सुरू होताना १५८. दोन-तीन सेकंदांत परत वर. मोठी मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. मोटर टप्प्याने सुरू करणाऱ्या स्टार-डेल्टा स्टार्टरने तो कमी होतो, संपत नाही. काट्याच्या केबिनची वायर प्रेसच्याच पॅनेलमधून, त्याच फेजवरून काढलेली होती.

पण व्होल्टेज पडलं म्हणून कॉम्प्युटर का जावा? यूपीएस त्यासाठीच तर आहे. नवी बॅटरी घालूनही फरक पडला नव्हता, आणि शेठचा यूपीएसवरून विश्वासच उडाला होता. इथे 'टक्' काय आहे ते समजलं पाहिजे. तो रिलेचा आवाज. व्होल्टेज खाली आलं की लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस रिले फिरवून ते वाढवतो, आणि फारच पडलं तर बॅटरीवर जातो. रिले फिरताना काही मिलिसेकंद पुरवठा तुटतो. ही फट बॅटरीची नसून रिलेची आहे, म्हणून बॅटरी कितीही नवी घातली तरी ती तेवढीच राहते. ती फट एसएमपीएसने भरून काढायची असते. त्याच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये साठा असतो, आणि चांगला एसएमपीएस पूर्ण भारावरही साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो.

स्वस्त एसएमपीएसमध्ये हा साठा आधीच लहान. पीएफसी (मुख्य लाइनमधून वीज समतोलपणे ओढणारं) सर्किट नसलेल्या एसएमपीएसमध्ये तो येणाऱ्या व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणजे २३० च्या मानाने १५८ व्होल्टला निम्म्याहून कमी. त्यात बंद खणातल्या उष्णतेने कपॅसिटर सुकतात आणि त्यांची क्षमता आणखी उतरते. जाळीतून टॉर्च मारल्यावर दोन कपॅसिटरची टोकं फुगलेली दिसलीही.

दोष यूपीएसचा की एसएमपीएसचा, हे ठरवायला एक जुना १०० वॉटचा पिवळा बल्ब पुरला. तो कॉम्प्युटरच्या जागी यूपीएसला लावला आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. प्लग ओढायचा नाही, त्याने अर्थिंगही सुटतं. बल्ब जेमतेम लुकलुकला आणि दहा मिनिटं जळत राहिला. यूपीएस आणि बॅटरी ठीक. मग कॉम्प्युटर लावून तेच केलं: दुपारी, एसएमपीएस तापलेला असताना, पाचपैकी तीन वेळा रीस्टार्ट. सकाळी पाचपैकी एकदा.

मल्टीमीटरने हा दोष सापडला नसता. मोलेक्सच्या (एसएमपीएसच्या चार पिनच्या जोडणीच्या) पिवळ्या आणि काळ्या वायरीवर तो भारातही ११.६ व्होल्ट दाखवत होता. १२ व्होल्टसाठी ११.४ ते १२.६ चालतं, म्हणजे कागदावर पास. मीटर सरासरी दाखवतो, पाच-दहा मिलिसेकंदांचा खड्डा त्याला दिसत नाही. हिरवी-काळी वायर जोडून 'एसएमपीएस चालू झाला म्हणजे चांगला' ही दुकानातली चाचणी तर यापेक्षाही कमी सांगते. एसएमपीएसवर संशय असेल तर चांगला म्हणून माहीत असलेला दुसरा लावून बघणं हाच खरा मार्ग.

आणि तो उघडू नये. आतल्या कपॅसिटरवर वीज काढल्यावरही ३०० व्होल्टच्या घरात डीसी राहू शकतो. बाहेरून ब्लोअर मारायचा, कपॅसिटर फुगलेले दिसले तर बदलायचा. कपॅसिटर बदलून वाचवलेले पैसे काट्याच्या एका बुडालेल्या नोंदीत जातात.

नवा एसएमपीएस ४५० वॉटचाच, पण ॲक्टिव्ह पीएफसीचा, ८० प्लस ब्राँझ या कार्यक्षमतेच्या मानांकनाचा, आणि १०० ते २४० व्होल्टवर चालणारा. असा एसएमपीएस आतला साठा येणाऱ्या व्होल्टेजवर न ठेवता स्वतः चढवून ठेवतो, त्यामुळे १५८ व्होल्टलाही त्याचा तग टिकतो. एक सावधगिरी हवी. स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना चौकोनी लहर देतो, आणि काही ॲक्टिव्ह पीएफसी एसएमपीएस ती सहन करत नाहीत. म्हणून विकत घेताना परत करण्याची बोली करून घेतली. लावल्यावर भिंतीचं बटण दहा वेळा बंद-चालू केलं, कॅमेरे चालू आणि पावती छापली जात असताना. दहाही वेळा यंत्र हललं नाही.

यूपीएसच्या मागे टेबलफॅनही लावलेला सापडला, तो काढून साध्या सॉकेटवर टाकला. लेझर प्रिंटर असता तर आधी तो काढला असता. त्याचा हीटर एकदम इतकी वीज ओढतो की ६०० व्हीएचा यूपीएस तिथेच मान टाकतो.

वायरमनकडून केबिनची लाइन प्रेसच्या पॅनेलमधून काढून मुख्य बोर्डावरून, दिव्यांच्या फेजवर, स्वतंत्र वायरने घेतली. त्यानंतर प्रेस सुरू होताना व्होल्टेज १९६ च्या खाली गेलं नाही. हे काम कॉम्प्युटरवाल्याने अंगावर घेऊ नये.

तिथेच न्यूट्रल आणि अर्थमध्ये १४ व्होल्ट मिळाले. ते दोन-तीनच्या आसपास असायला हवेत. काळी कसदार जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या सळईपासून माती सुटते आणि खड्डा कोरडा पडतो. बंद पडण्याशी याचा संबंध नव्हता, पण काट्याचा इंडिकेटर आणि कॉम्प्युटर यांच्या अर्थमध्ये असा फरक राहिला तर सिरियल पोर्ट जळतो, आणि मग वजन पडद्यावर येणंच थांबतं. खड्ड्यात कोळसा-मीठ भरून दोन बादल्या पाणी सोडल्यावर फरक ३ व्होल्टवर आला. पावसाळा लागेपर्यंत आठवड्याला एक बादली.

वही पुढे तीन आठवडे चालू ठेवली. हंगाम असेतो दर पंधरा दिवसांनी कूलरच्या पात्यांमध्ये टॉर्च मारून बघायचं, असं तिच्या पहिल्या पानावर लिहिलं. वजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिलं वजन होताच नोंद साठवली जाईल असं करून घेतलं, म्हणजे कुठल्याही कारणाने वीज गेली तरी शेतकऱ्याचं भरलेलं वजन जागेवर राहील. तीन आठवड्यांत वहीत एकच नोंद पडली. नवव्या दिवशी दुपारी पाऊण वाजता पूर्ण फीडर (भागाला वीज देणारी लाइन) गेला, यूपीएसवर कॉम्प्युटर चौदा मिनिटं चालला, तेवढ्यात दोन गाड्यांची वजनं उरकली आणि विंडोज नीट शटडाउन केली.